केनियाला पक्षी बघायला जातोय, तयारीसाठी मदत हवी आहे

खाडीकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं (मी ५८, हे ६६) नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केनियाला जातोय. बारा दिवस, गाइडसकट. नैवाशा, नाकुरू, बारिंगो हे तलाव आणि शेवटी मसाई मारा अभयारण्य. राहायला ठाण्यात, कोलशेतला. अनुभव म्हणाल तर येऊरचे रविवार, कर्नाळा आणि दर हिवाळ्यात ऐरोलीहून खाडीतली बोट. परदेशात पक्षी बघायला पहिल्यांदाच.

दुर्बिणीवरून घरात आठवडाभर वाद चालू आहे. हे म्हणतात १० बाय ४२ (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची), दुकानदार म्हणतो ८ बाय ४२. दोघांनाही चष्मा आहे. दुसरं म्हणजे तिथे हजाराच्या वर जाती आहेत म्हणे, मला येऊरमधले वटवट्ये अजून ओळखता येत नाहीत. अभ्यास कुठून सुरू करू? कपडे काय न्यावेत? आणि बायकांनी जरा स्पष्ट सांगा, दिवसभर गाडीत असताना बाथरूमचं काय करता?

गेल्या वर्षी एका ग्रुपबरोबर उत्तराखंडात गेलो होतो. लांब लेन्सवाले पुढे, आम्ही त्यांच्या पाठी बघत मागे. गाइड सारखा मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा. पुन्हा तसं नको म्हणून आधीच विचारून ठेवतेय.

वेडा_राघू
ताई, ८ बाय ४२ घ्या. दुकानदार या वेळी बरोबर आहे (असं क्वचित होतं). दहापट मोठं दिसतं तसं दहापट हलतंही. उघड्या गाडीत उभं राहून, बाजूला सहप्रवासी हलतोय, तेव्हा आठपटच स्थिर राहते. शिवाय दृश्य रुंद मिळतं, उडता पक्षी लवकर सापडतो.

चष्मेवाल्यांनी 'आय रिलीफ' बघायचा, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवला तरी पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर. १६ मिलिमीटर किंवा जास्त हवं. दुकानात दुर्बिणीचे कप पूर्ण आत फिरवून, चष्मा लावूनच बघा. कडेला काळी किनार दिसली तर ती नको. दोघांत एक दुर्बीण मुळीच नको. पक्षी दिसतो चार सेकंद, त्यात "दे ना, दे ना" करत बारा दिवस काढायचे आहेत का?

नावं पाठ करू नका, कुळं ओळखा. निम्मी तुम्हाला येतातच. खाटीक, वेडा राघू, नीलपंख, सुगरण, धनेश, कोतवाल, टिटवी, सूर्यपक्षी ही सगळी घराणी तिथेही आहेत, फक्त जाती वेगळ्या. काळापांढरा खंड्या तर तोच, आपल्या तलावावरचा. वेळ द्यायचा तो आपल्याकडे नसलेल्या कुळांना: टुराको, माउसबर्ड, सेक्रेटरी बर्ड, हॅमरकॉप, गिनीफाउल. पक्षी ओळखायच्या मर्लिन अ‍ॅपमध्ये केनियाचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, तो नेटशिवाय चालतो.

एक प्रश्न कंपनीला विचारा: बोगोरिया तलाव आहे का कार्यक्रमात? नाकुरूचं पाणी गेल्या काही वर्षांत वाढलंय, खारेपणा कमी झाल्यामुळे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तिथून बरेच हटलेत. बोगोरिया बारिंगोपासून जवळच आहे. ऐरोलीच्या बोटीतून दिसतो तोच छोटा रोहित, गडद चोचीचा. तिथे मागे गरम पाण्याचे झरे उसळत असतात.

नेरुळकर
कपड्यांचं सांगतो. निळा आणि काळा टाळा. त्सेत्से माशी या रंगांकडे येते आणि चावते ती कापडातून. खाकी, मातकट, फिकट हिरवा बरा. आपल्याकडे पक्षीवाले लष्करी ठिपक्यांचं जॅकेट घालून मिरवतात, ते घरी ठेवा. आफ्रिकेतल्या अनेक देशांत ते सामान्य माणसाला चालत नाही. स्वेटर मात्र न्याच. नैरोबी सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. पहाटे साडेसहाला गाडीचं छत उघडतात तेव्हा ठाणेकराचे दात वाजतात.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे २०१७ पासून बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानांत पाण्याच्या एकदा वापरायच्या बाटल्याही २०२० पासून बंद. चिवडा, लाडू स्टीलच्या डब्यात, कपडे कापडी पिशवीत. आम्ही विमानतळावर उतरायच्या आधी बाकरवडीची पाकिटं पिशवीतून काढून टोपीत भरली होती.

ट्रायपॉड नेऊ नका, त्या गाडीत पाय पसरायला जागा नसते. जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक टोक शिवा, दुसऱ्याला चेन लावा. ही पिशवी रिकामी न्यायची, तिथे दोन किलो तांदूळ घेऊन भरायची. उघड्या छताच्या कडेवर ठेवली की कॅमेरा काय, कोपरही मस्त टेकतं. निघताना तांदूळ लॉजच्या स्वयंपाकघरात द्यायचे.

मसाई माराला छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान १५ किलो, तेही मऊ बॅगेत. पॉवर बँक आणि दुर्बीण हातातल्या बॅगेत ठेवा.

सुगरण_पनवेल
बाथरूमचं मी सांगते. उद्यानात गाडीतून कुठेही उतरता येत नाही, ठराविक जागा असतात तिथेच. सकाळी निघताना गाइडला सरळ विचारायचं, "पुढचा थांबा किती वेळाने?" लाजायचं नाही, त्यांना रोज विचारतात. पाणी प्यायचं थांबवू नका, मी थांबवलं होतं आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून लॉजवर पडून होते. मोठा दुपट्टा, टिश्यू आणि झाकणाचा छोटा डबा जवळ ठेवा.

गाडीत किती माणसं ते आत्ताच लिहून घ्या. प्रत्येकाला खिडकी, आणि रोज जागा बदलायची. आवाज वाजवण्याबद्दलही आधीच सांगा की आम्हाला नको. चांगला गाइड त्याशिवाय पक्षी दाखवतो.

सहारची_रांग
सगळं वाचलं. यलो फीव्हरच्या (डासांमुळे होणाऱ्या विषाणूच्या तापाच्या) लशीबद्दल कोणी बोललंच नाही?

केनिया यलो फीव्हरच्या देशांत मोडतो. तिथून भारतात परतताना लशीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. अधिकृत केंद्रातच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, पासपोर्ट लागतो. आणि काका ६६ आहेत म्हणून आधी डॉक्टर. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर त्रासाचा धोका जास्त असतो. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर सहसा देत नाहीत. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा, मारा आणि बारिंगो दोन्हीकडे धोका आहे.

खाडीकाठची
बापरे. कंपनीवाले म्हणाले होते, "इंजेक्शनचं शेवटच्या महिन्यात बघू." यांना आमवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू आहे, मेथोट्रेक्सेट. ती त्यात येते का?

सहारची_रांग
येते. गोळी स्वतःहून बंद करून लस घ्यायचा विचार कृपया करू नका, लोक करतात. ज्यांनी गोळी लिहिली त्यांनाच भेटा, याच आठवड्यात.

वेडा_राघू
ताई, वाईट वाटलं. श्रीलंकेला ही लस लागत नाही, हे काकांच्या कानावर घालून ठेवा. सिंहराजाच्या जंगलात एका सकाळी त्या बेटाबाहेर कुठेच नसलेले पक्षी दिसतात.

खाडीकाठची
दहा दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांनी फाइल बघितली आणि दोन मिनिटांत नाही म्हणाले. सूट मिळण्याचं पत्र देता येईल, पण तिकडे डास चावला तर संरक्षण काही नाही, मी पाठवणार नाही, असं स्पष्टच. मला लस चालेल.

परतीच्या रिक्षात हे काहीच बोलले नाहीत. माजिवड्याच्या सिग्नलला म्हणाले, "तू जा. १० बाय ४२ चे पैसे वाचले." मग रात्री जुन्या जीन्स काढून बसले. एका पायात दोन किलो तांदूळ नीट मावतो का ते घरातल्या तांदळाने बघितलं. मावतो, पण शिवण उसवली आणि पहाटे अडीचपर्यंत आम्ही सोफ्याखालून तांदूळ वेचत होतो. आता दुहेरी शिवण घालून दिलीय.

माझी लस पुढच्या मंगळवारी आहे. गाडीत सहा जण, सगळ्यांना खिडकी, हे मेलवर लिहून घेतलं. बोगोरियाला एक सकाळ वाढवताहेत, जादा पैसे घेऊन. यांच्या जागी माझी मामेबहीण यायला तयार आहे, पण नाव बदलता येईल का यावर कंपनी चार दिवस "बघून कळवतो" म्हणतेय. असं नाव बदलून कोणी घेतलंय का? किती कापून घेतात? आणि श्रीलंकेला आमवातवाल्या माणसाला झेपेल असा महिना कुठला, हेही सांगा. ते हे स्वतः विचारणार नाहीत.