क्वॉन्सेट हट : झोपडी, शेड की बराक?

प्रश्न : महायुद्धानंतरच्या लॉस एंजेलिसवरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘क्वॉन्सेट हट’ला ‘लष्करी झोपडी’ लिहिलं, पण खटकतंय. दुसरं काय म्हणता येईल?

उत्तर : ताई, झोपडी नकोच. झोपडी म्हटली की कुडाच्या भिंती नि गवताचं छप्पर डोळ्यांपुढे येतं. इथे पोलादी कमानी आणि वर पन्हळी पत्रा, सगळं कारखान्यातून आलेलं. मोठा पाइप उभा चिरून अर्धा भाग जमिनीवर पालथा घालावा, तसा आकार. भिंत कुठे संपली आणि छप्पर कुठे सुरू झालं, ते दाखवता येत नाही. आत कपाट लावायला गेलं तर ते भिंतीला टेकत नाही. म्हणून ‘शेड’ही चुकेल.

नाव ठिकाणावरून आलंय. ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावर क्वॉन्सेट पॉइंट इथे अमेरिकी नौदलाचा तळ होता, तिथे १९४१मध्ये हे घर तयार झालं. सुटे भाग जहाजात भरायचे आणि मुक्कामावर झटपट जोडायचे, ही गरज. ब्रिटिशांची तशाच आकाराची निसेन हट त्याआधीची, १९१६ची. दोन्ही एकच समजू नका.

प्रश्न : मग ‘बराक’ का नको?

उत्तर : मला तो शब्द प्रिय आहे. उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी कुटुंबं लष्कराच्या रिकाम्या छावणीत राहिली, तिथल्या पत्त्यांत बरॅक नंबर अजून लिहितात. पण बराकीला मराठीत तुरुंगाचाही वास आहे, आणि आकार त्यातून कळत नाही. लॉस एंजेलिसमध्ये तर हे संसार होते. घरी परतलेल्या सैनिकांना जागा मिळेना, म्हणून १९४६मध्ये ग्रिफिथ पार्कात ‘रॉजर यंग व्हिलेज’ वसवलं : ७५० हट, १५०० कुटुंबं. एका कमानीखाली मध्ये आडभिंत, दोन्हीकडे दोन बिऱ्हाडं. १९५४पर्यंत ती वस्ती होती. अशा घराला बराक म्हटलं तर त्यातली बिऱ्हाडं दिसेनाशी होतात.

प्रश्नकर्ती : पटलं. पहिल्यांदा ‘क्वॉन्सेट, म्हणजे पालथ्या अर्धनळीसारखं पत्र्याचं जोडघर’ लिहिते, पुढे नुसतं क्वॉन्सेट. ‘प्रीफॅब्रिकेटेड’साठीचा ‘पूर्वरचित’ हा शब्द मात्र गाळते.

उत्तर : गाळाच. जोडघर ऐकलं की नटबोल्ट कसणारे हात दिसतात.