ओटीच्या चौकटी गणपतीआधी रंगवाव्यात का?

पुण्याची ताई: काका, यंदा गणपतीला आम्ही सगळे मुलांसह गुहागरला येत आहोत. ओटीच्या खिडक्यांच्या चौकटी फार विद्रूप दिसतात, त्यामुळे चतुर्थीच्या आधी त्या घासून रंगवून घ्याव्यात, असे मला वाटते. माझा वाटा आजच पाठवते.

धाकटे काका: तुझी तळमळ समजते, पण गणपतीआधी रंग नको, असे माझे स्पष्ट मत आहे. चार वर्षांपूर्वी आपण हीच घाई केली. श्रावणातल्या उघडिपीत रंगाचे दोन हात मारून घेतले आणि शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा चौकटींचे पापुद्रे सुटलेले होते. पावसाळाभर लाकूड ओलावा पीत असते. त्यावर ऑइलपेंट चढवला की तो आत कोंडतो आणि ऊन तापले की रंगाला फोड आणून बाहेर पडतो. लाकडातला ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास उतरावा लागतो, आणि समुद्राच्या इतक्या जवळ ते जानेवारीच्या सुमारासच साधते.

काल पश्चिमेची खिडकी नीट पाहिली. चौकटीचा उभा खांब जिथे चिऱ्याच्या भिंतीत टेकतो, तिथे चाकूचे टोक बोटाच्या पेरभर सहज आत गेले आणि ओलसर तपकिरी भुसा बाहेर आला. वरचे सागवान मात्र अजून खणखणीत आहे. तेवढा कुजका भाग सुताराकडून कापून जुन्या सागाचा सांधा घालून घेऊ. त्यावर नुसती लांबी (भेगा भरायची पुट्टी) भरली तर कूज आतल्या आत वाढेल.

मोठी काकू: भाऊजी, रंगारी म्हणतो की मशीनने एका दिवसात सगळे घासून देईन. चालेल का?

धाकटे काका: वहिनी, कृपा करून तसे करू देऊ नका. खपली उडाली आहे तिथे निळ्याखाली हिरवा आणि त्याखाली पिवळा थर दिसतो, आणि जुन्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपले खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. कोरडे घासले तर ती धूळ घरभर बसेल आणि रांगत्या मुलांच्या हातातोंडाशी जाईल. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीला इजा होते. ब्लो लॅम्पने जाळणेही तितकेच वाईट. खाली प्लास्टिक अंथरून, पाणी मारत वॉटर पेपरने घासावे, तेही मुले घरात नसताना. नंतर खाऱ्या हवेचे मीठ गोड्या पाण्याने पुसून काढावे, चांगले वाळू द्यावे आणि मगच प्राइमर लावावा. झडपांची खालची कड दिसत नाही म्हणून रंगारी सोडून देतात, पण पाणी तिथूनच वर चढते. त्या कडेला मी स्वतः उभा राहून दोन हात मारून घेईन.

पुण्याची ताई: पटले, काका. मग आम्ही येण्याआधी सुटलेल्या खपल्या ओल्या फडक्याने टिपून घ्याव्यात. माझा वाटा जानेवारीसाठी ठेवा आणि सुताराला मात्र आत्ताच सांगून ठेवा.