कॅपेसिटाबिनने आईच्या हातापायांची सालपटं निघतायत

लालबागकर:
आईला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर कॅपेसिटाबिन ही कीमोची गोळी चालू आहे. 14 दिवस गोळ्या, 7 दिवस सुट्टी, अशी एक सायकल. दुसऱ्या सायकलपासून तळहात-तळपाय लालबुंद, नुसती आग आग. आता सालपटं निघतायत, टाचेला भेगा. तरी ही बाई गरम तव्यापाशी भाकऱ्या थापतेच! त्यात रेशनच्या मशीनवर अंगठा उमटेना. दुकानदार म्हणे, "मावशी, हात धुऊन या." धुऊन काय होणार, रेषाच गुळगुळीत झाल्यात. डॉक्टरांना सांगू म्हटलं तर ती म्हणते, "काही बोलू नकोस, गोळ्या बंद करतील." चाळीत कुणी कोरफड सांगतं, कुणी मेंदी. काय करू?

कीमो वॉर्डातली ताई:
पुढच्या तारखेची वाट बघू नका, आजच फोन करा. याला हॅंड-फूट सिंड्रोम म्हणतात, कॅपेसिटाबिनवर नेहमी दिसतो. डॉक्टर बहुधा गोळ्या थोडे दिवस थांबवतात आणि त्वचा सावरली की गरजेप्रमाणे डोस कमी करून परत देतात. आईंना हे नीट समजावा, कारण लपवून गोळ्या रेटल्या तर फोड येऊन चालणंही मुश्किल होतं. मेंदी अजिबात नको, रंगाखाली लाली दिसणारच नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण, घट्ट चपला बंद. 10 टक्के युरियाचं क्रीम चांगलं, पण भेगांवर झोंबतं. सोबत ताप किंवा जुलाब असतील तर तेही फोनवरच सांगा.

माहीमची काकू:
माझेही ठसे गेले होते, गोळ्या संपल्यावर हळूहळू आले. रेशनला कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो, आईला कशाला रांगेत उभी करतोस? पेन्शन असेल तर हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, 2021 पासून सोय आहे.

गोळीवाला (फार्मासिस्ट):
दिल्लीच्या एम्सचा 2024 मधला अभ्यास आहे. कॅपेसिटाबिन सुरू झाल्यापासूनच 1 टक्का डायक्लोफेनॅक (दुखण्यावर लावतात ते) जेल लावणाऱ्यांत हातापायांचा मध्यम ते तीव्र त्रास 3.8 टक्के जणांना झाला, साधं जेल लावणाऱ्यांत 15 टक्के. पण ते त्रास होऊ नये म्हणून लावायचं. सोललेल्या कातडीवर आपल्या मनाने चोळू नका, डॉक्टरांना विचारा.

लालबागकर:
फोन केला. गोळ्या थांबवल्यात, सोमवारी बोलावलंय. ताईंचा मेसेज आईला वाचून दाखवला, तेव्हा कुठे तिने टाचा दाखवल्या. रेशनला मीच जातो. काकू, तुमची कातडी सावरायला किती दिवस लागले?