कादंबरी, शिलेदार, वेठ, उदाहरणार्थ: लेखकाचा शब्द कोशात कधी जातो?

परवा हैदराबादहून भाची आली होती, तिला शाळेत हिंदी आहे, तर तिनं विचारलं की मामा, हिंदीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा, मग मराठीतच कादंबरी का, ते तर बाईचं नाव वाटतं. आणि बरोबर आहे की तिचं, बाईचंच नाव आहे ते. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टानं जी संस्कृत गद्यकथा लिहिली तिची नायिका कादंबरी, गंधर्वांची राजकन्या. बाण ती अर्धी ठेवून गेला, मग त्याच्या मुलानं पुरी केली. पुढं हजारेक वर्षांनी आपल्याकडे हा नवा लेखनप्रकार आला, १८५७ ला बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन आलं, तेव्हा या प्रकाराला काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि मराठीनं नि कन्नडनं त्या एका पुस्तकाचं नाव अख्ख्या प्रकाराला लावून टाकलं. कुठल्याही वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणायचो ना, तसंच.

भाचीनं अजून एक मजेची गोष्ट सांगितली, तेलुगूत उपन्यासम् म्हणजे भाषण. कन्नडमधेही उपन्यास म्हणजे व्याख्यान. म्हणजे एकच संस्कृत शब्द, लखनौला गेला तर पुस्तक झाला आणि हैदराबादला भाषण.

संस्कृतात कादंबरी म्हणजे एक प्रकारची दारू पण होते बरं का. त्यावरनंच ते जुनं वचन आहे, कादम्बरीरसज्ञानामाहारोऽपि न रोचते, ज्याला कादंबरीचा रस कळला त्याला जेवण पण गोड लागत नाही. पुस्तकाचा रस घ्या नाहीतर मद्याचा, दोन्ही अर्थ चोख बसतात. मला हे वचन फार आवडतं.

तर यावरून जो विचार डोक्यात घोळतोय तो मांडतो. आपण म्हणतो की अमुक लेखकानं शब्द दिला. पण बाणानं काय दिलं? त्यानं एका मुलीचं नाव ठेवलं, बस. शब्द झाला तो नंतरच्या लोकांनी, त्याच्या मनात कधीच नव्हती अशा गोष्टीसाठी तो वापरला म्हणून. मला वाटतं कोशात जाणाऱ्या लेखकाच्या बहुतेक शब्दांचं असंच होतं, शब्द त्याच्या पुस्तकातनं सुटून दुसऱ्याच कुणाच्या कामाला लागावा लागतो.

फ्रीलान्स घ्या. वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश कादंबरीकाराच्या १८२० च्या आयव्हॅन्हो कादंबरीमुळे हा शब्द लोकांपुढे आला, आणि तिथं त्याचा पत्रकार-फोटोग्राफरशी काही संबंध नाही, फ्री लान्स म्हणजे मोकळा भाला, जो पैसे देईल त्याच्या बाजूनं लढणारा भाडोत्री भालाईत. आता याला आपण मुक्त पत्रकार, मुक्त लेखक असलं काहीतरी म्हणतो पण त्यात दम नाही. मराठ्यांच्या फौजेत याच्या जवळचा शब्द तयार होता, शिलेदार. बारगिराला घोडा सरकारातनं मिळायचा, शिलेदार स्वतःचा घोडा नि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला यायचा. स्वतःचा लॅपटॉप घेऊन काम करतो तो शिलेदार, कंपनी लॅपटॉप देते तो बारगीर, इतकं सोपं आहे. स्कॉटसारखा हा शब्द कुणी आजच्या माणसासाठी वापरला असता तर तो आज आपल्या रोजच्या बोलण्यात असता असं मनापासून वाटतं.

स्कॉटचं नाव कोशात इतकं का दिसतं त्याला कारणही आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश १८८४ पासून भागाभागानं निघाला तो १९२८ ला पुरा झाला, आणि तो उदाहरणांवर उभा आहे, म्हणजे हजारो स्वयंसेवक पुस्तकं वाचायचे, शब्द दिसला की वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवायचे. लोक वाचणार काय तर आवडती पुस्तकं, मग शेक्सपिअरच्या खालोखाल अवतरणं स्कॉटचीच. ग्लॅमर हा शब्दसुद्धा त्यानंच स्कॉटलंडच्या बोलीतनं उचलून सगळ्यांच्या तोंडी दिला, तो मुळात ग्रामरचाच अपभ्रंश, व्याकरण म्हणजे पोथीविद्या, पोथीविद्या म्हणजे जादूटोणा, असा सरकत सरकत. म्हणजे बोलीत शेकडो वर्षं असलेला शब्दही छापील वाक्य मिळेपर्यंत कोशाच्या दारातच उभा असतो, आणि ते वाक्य पुष्कळदा कादंबरीकार देतो.

प्रतिसाद:
दादा, शिलेदार एकदम पटला. यात रोबो पण घ्या. कारेल चापेक, तो कादंबरीकारही होता पण हा शब्द त्याच्या १९२० च्या नाटकातला, आणि सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत रोबोता म्हणजे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं ते काम, म्हणजे आपली वेठ. त्या नाटकातले रोबो लोखंडी नाहीतच, हाडामांसासारखे तयार केलेले वेठबिगार आहेत ते, आणि शेवटी मालकांवर उलटतात. आपण यंत्रमानव केलं त्यात यंत्र आलं, मानव आला, पण वेठ गेली, मुख्य अर्थच गळून पडला. आणि क्वार्क, जेम्स जॉइसच्या १९३९ च्या फिनेगन्स वेक या कादंबरीमधे पक्ष्यांच्या गाण्यात हा शब्द आहे, तो गेल-मान या शास्त्रज्ञानं १९६४ ला अणूच्या आतल्या कणांना दिला. जर्मनमधे क्वार्क म्हणजे चक्क्यासारखा पदार्थ! पण हे सगळे बाहेरचे झाले. मराठी कादंबरीकारानं असं काय दिलंय?

प्रतिसाद:
वेठ गळाली हे अगदी खरं, माझ्या लक्षात आलं नव्हतं, आभार.

मराठीचं म्हणाल तर माझं उत्तर उदाहरणार्थ. चेष्टा नाही करत. भालचंद्र नेमाड्यांची कोसला ही कादंबरी १९६३ ची, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर अगदी सुरुवातीला स्वतःचं वय सांगतानाच उदाहरणार्थ म्हणतो. शब्द नवा नाही, पण जागा नवी आहे. एरवी आधी एक सर्वसाधारण विधान येतं, मग उदाहरणार्थ, मग दाखला. इथं विधान नाहीच, स्वतःचं वयच दाखला म्हणून पुढं केलंय, जणू दुसरं कुठलंही वय चाललं असतं. वगैरेचं पण तेच, अरबीतनं फारसीमार्गे आलेला शब्द, व म्हणजे आणि, गैर म्हणजे इतर, गैरहजरमधला तोच गैर. म्हणजे मागं इतर काहीतरी असायला हवं, पण सांगवीकर जिथं इतर काही नाहीच तिथं वगैरे लावतो आणि त्या गोष्टीचं वजनच काढून घेतो. मराठीत एवढं मोठं काम जुन्या शब्दांकडनं दुसऱ्या कुठल्या कादंबरीनं करून घेतलं असेल असं मला वाटत नाही.

हे कोशात शोधलं तर दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात मिळणार नाही, कारण त्याचे सात खंड १९३२ ते ३८ चे नि पुरवणी १९५० ची, कोसला त्यानंतरची. तो कोश ज्ञानेश्वरी, तुकोबा, मोरोपंत, बखरी यांची वाक्यं देत चालतो, फार मोठं काम आहे, तसंच पुढं चालू राहिलं असतं तर उदाहरणार्थला दुसरा अर्थ द्यावा लागला असता. माझ्या मते असा: आपल्याच विधानाबद्दल बोलणाऱ्याला वाटणारा परकेपणा दाखवणारं अव्यय.

प्रतिसाद:
पण ही लेखकाची शैली झाली ना? शैली कोशात कशी घालणार?

प्रतिसाद:
एकट्या लेखकाकडंच असेल तर शैली, मान्य. पण आमच्या ऑफिसात एक मुलगा आहे, त्यानं कोसला वाचलेली नाही, मी विचारलंय, आणि तो येऊन सांगतो की मी उदाहरणार्थ जाम दमलोय, चहा वगैरे घेऊया, आणि आम्ही चहाच घेतो, वगैरे काही नसतं. त्याच्या तोंडी तो आपसूक आला म्हणजे शब्द पुस्तकातनं सुटला.

किंवा उलटं असेल, नेमाड्यांच्या आधीपासून खानदेशात किंवा पुण्यातल्या होस्टेलांवर पोरं असंच बोलत असतील आणि त्यांनी ते कानानं टिपलं असेल, स्कॉटनं ग्लॅमर टिपला तसं. ते ठरवायला छापील वाक्यच लागेल. तेव्हा १९६३ च्या आधीच्या कुठल्याही पुस्तकात, मासिकात उदाहरणार्थ किंवा वगैरे असा आडजागी आलेला दिसला तर पूर्ण वाक्य, पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल आणि पान एवढं इथं टाका, मी वहीत उतरवून ठेवतोय.