मदत हवी आहे : नामिबिया-बोत्स्वाना, स्वतः गाडी चालवत १६ दिवस. सावुतीची वाळू की नाटाचा डांबरी रस्ता?

उंटावरचा_प्रवासी
गाडी आज-उद्यात बुक करायची आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मार्ग असा : विंडहुक, सोसुसफ्ले, स्वाकोपमुंड, इटोशा, कॅप्रिव्ही पट्टा, कसाने, सावुती (चोबे उद्यानातला भाग), मोरेमी (अभयारण्य), माऊन, सेंट्रल कालाहारी, परत विंडहुक. छतावर तंबू असलेली फोर बाय फोर हायलक्स घेतोय. कसानेहून माऊनला सावुतीच्या वाळूतून जायचं की नाटामार्गे डांबरी रस्त्याने? बाकी सगळं ठरलं आहे, कृपया एवढंच सांगा.

पाणकावळा
महिना कोणता? तो कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. मोरेमी ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात आहे, आणि ओकावांगोचं पाणी तिथल्या पावसाचं नसतं. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. ते पाणी मार्च-एप्रिलमध्ये मोहेंबोपाशी बोत्स्वानात शिरतं. पुढे उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे पपायरसच्या लव्हाळ्यांतून झिरपत माऊनला पोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे आभाळ कोरडं असतं तेव्हा मोरेमीतल्या वाटा पाण्याखाली असतात. सावुतीची वाळू पार केलीत तरी पुढची वाट उघडी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

उंटावरचा_प्रवासी
१० जुलैला निघतोय. चालवणारे आम्ही दोघं. आता सांगा, वाळू की डांबर?

डिफलॉक
सावुतीच. नाटामार्गे ६०० किमी आहेत, एका दिवसात उरकतात, पण सावुती आणि मोरेमी दोन्ही हुकतात. वाळूला घाबरायचं कारण नाही, टायरमधली हवा कमी करायचा आळस करू नका म्हणजे झालं. डांबरावर २.२ बार, खडीवर १.८, खोल वाळूत १.४. वाळू लागायच्या आधीच थांबून हवा काढा आणि लो रेंज (फोर बाय फोरचा हळू, जास्त ताकदीचा गिअर) टाका. सकाळी गार वाळू घट्ट असते, दुपारी भुसभुशीत होते, म्हणून उजाडताच निघा. रुतलीच तर लगेच अॅक्सिलरेटर सोडा. चाक फिरत राहिलं की गाडी पोटावर बसते आणि मग तासभर फावडं मारावं लागतं. चाकांमागची वाळू उपसा, हवा १.० वर आणा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे घ्या. हवा परत भरायचा कॉम्प्रेसर गाडीसोबत मिळतो का, हे बुकिंगच्या आधी विचारा.

डिझेलचा हिशोब : कसाने सोडलं की माऊनपर्यंत पंप धरू नका. वाट ३५० किमीची, उद्यानातलं फिरणं धरून ५००. वाळूत १०० किमीला १८ लिटर जातं, म्हणजे ९० लिटर. हायलक्सची टाकी ८० लिटरची. लांब पल्ल्याची टाकी घ्या, नाहीतर २० लिटरचे दोन कॅन.

रानमेवा
डिफलॉक, वाळूचं बरोबर आहे, पण मुळात हा मार्ग १६ दिवसांत बसत नाही. विंडहुक-सेस्रिएम (सोसुसफ्लेचं गेट) ३२० किमी, तिथून स्वाकोपमुंड ३५०, तिथून इटोशातला ओकाकुएयो कॅम्प ५००, इटोशातल्याच नामुतोनीहून रुंडू ४२०, रुंडू-काटिमा ५००, पुढे कसाने १२०, माऊन ३५०, आणि माऊन-विंडहुक ८००. हे नुसतं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणं झालं, प्राणी बघण्यासाठी फिरणं वेगळंच. खडीवर ताशी ६० ची सरासरी धरा. त्यात सेंट्रल कालाहारी कशासाठी? तिथे खरी मजा जानेवारी ते एप्रिल. पावसाने डिसेप्शन व्हॅलीत गवत येतं, हरणं जमतात, मागोमाग सिंह आणि चित्ते येतात. जुलैत प्राणी पांगलेले असतात आणि पहाटे पारा शून्याखाली जातो. काढून टाका.

डिफलॉक
माणसांची गर्दी नको असेल तर कालाहारीला तोड नाही. जुलैतही.

रानमेवा
गर्दी नको हे मान्य. पण दोन दिवस तिथे घालवायचे म्हणजे इटोशाचे दोन दिवस कापायचे. ओकाकुएयोच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. जुलैत बाकीचं पाणी आटत आलेलं असतं, म्हणून गेंडे अंधार पडला की तिथे येतात. बाकावर बसून राहायचं, गाडी हलवायलाही लागत नाही. पहिल्याच सहलीत हे कापू नये. शिवाय कालाहारीत चाकोरीच्या मधलं वाळलं गवत गाडीच्या पोटाखाली, एक्झॉस्टच्या वर अडकतं आणि तापून पेटतं. दर २०-२५ किमीला उतरून, वाकून ते उपसावं लागतं. घाईत हेच राहून जातं.

खंड्या
दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, १० बाय ५० नको, गाडीत हात थरथरतो. लेन्स १००-४०० पुरे. खिडकीच्या काचेवर ठेवायला तांदूळ भरलेली कापडी पिशवी न्या. ड्रोन उद्यानांत चालत नाही.

उंटावरचा_प्रवासी
कॅमेऱ्याचं विचारलेलं नाही. कालाहारी काढतो. हायलक्सच्या मागच्या सीटवर चाइल्ड सीट नीट बसते ना?

पाणकावळा
मूल आहे हे आत्ता सांगताय! वय किती? पासपोर्ट कुठला? विमान कुठून बदलताय?

उंटावरचा_प्रवासी
मुलगी, ४ वर्षांची. भारतीय पासपोर्ट. मुंबईहून आदिस अबाबामार्गे, तिथे १४ तास थांबा आहे.

पाणकावळा
मग क्रमाने घ्या.

आदिसला १२ तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर यलो फिव्हरचं पिवळं कार्ड लागतं. लस किमान १० दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच. कार्ड नसेल तर परतताना मुंबईतही अडवू शकतात. छोट्या थांब्याचं तिकीट मिळत असेल तर तेच घ्या.

व्हिसा दोन्ही देशांचा लागेल. तुम्ही नामिबियातून बोत्स्वानात जाऊन परत नामिबियात येताय, तेव्हा नामिबियाचा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. आई-वडील दोघांची नावं असलेल्या मुलीच्या जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत हाताशी ठेवा. गाडी सीमेपार न्यायचं कंपनीचं पत्रही लागेल.

मलेरिया जुलैत कमी असतो, पण इटोशापासून पुढे धोका संपत नाही. डॉक्सिसायक्लिन ८ वर्षांखाली देत नाहीत. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल वजनावर ठरतं, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. मोकोरोत (ओकावांगोतली अरुंद होडी) बरेच चालक लहान मुलं घेत नाहीत. तिच्यासाठी कसानेची दुपारची बोट बरी. चोबे नदीतल्या सेदुदू बेटाच्या कडेने हत्ती पोहत जाताना अगदी जवळून दिसतात.

रानमेवा
सावुती आणि मोरेमीच्या कॅम्पना कुंपण नाही. तरस रात्री चुलीपर्यंत येतं. अंधार पडल्यावर मुलीला खाली उतरू देऊ नका. छतावरच्या तंबूत झोपायच्या आधीच सगळं उरकून घ्या, रात्रीसाठी वर झाकणाचं भांडं ठेवा.

गुळवेल
आपल्या कुनोतले पहिले ८ चित्ते १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातूनच आले ना? ते इटोशातले होते का?

खंड्या
नाही, इटोशातले नव्हते. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

डिफलॉक
विम्याचं कोणी बोललं नाही. टायर, काच आणि गाडीचं पोट यांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. पाण्यात गाडी बुडवली तर बहुतेक विमे काहीच देत नाहीत. मोरेमीत पाणी बॉनेटला लागेल असं दिसलं तर मागे फिरा. मगरी असतात, उतरून खोली मोजता येत नाही. खडीवर ८० च्या वर जाऊ नका. वळणावर ब्रेक दाबला की गाडी खडीच्या वरंब्यावर चढते आणि उलटते. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूची आहे, म्हणून पहिल्याच दिवशी हात सैल सुटतो.

आणि लाल रेषा, म्हणजे जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून घातलेलं कुंपण. उत्तर नामिबियातून दक्षिणेला कच्चं मांस नेता येत नाही, लाळ्या-खुरकुताच्या भीतीने. बोत्स्वानातही कुंपणाच्या नाक्यांवर आइसबॉक्स उघडायला लावतात, बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात. नाक्याच्या आधी मांस शिजवून टाका.

उंटावरचा_प्रवासी
तिकीट बदलतो. सेस्रिएमला गेटच्या आतला कॅम्प मिळतोय, बाहेरचा स्वस्त आहे. मोरेमीत थर्ड ब्रिज कॅम्प पूर्ण भरला आहे.

रानमेवा
सेस्रिएमला आतलाच घ्या. आतल्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात आणि पुढे ६० किमी जायचं असतं. बाहेरचे पोचेपर्यंत डेडफ्लेच्या वाळलेल्या झाडांवरचा पहिला प्रकाश गेलेला असतो. शेवटचे ५ किमी वाळू आहे. आधी हवा काढा, नाहीतर शटल घ्या.

थर्ड ब्रिजच्या ऐवजी मागोथो बघा. ख्वाई गावाच्या ट्रस्टची जागा, उद्यानाबाहेर, सावुतीहून येताना वाटेतच. तिथेही कुंपण नाही. पाणी आपलं आपण न्यायचं.

उंटावरचा_प्रवासी
पाणी किती?

डिफलॉक
प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला ५ लिटर, मुलीसह तिघांचे १५. सावुती आणि मागोथो धरून ४ दिवसांचे ६०, वर अडकलात तर म्हणून २०. कसानेलाच भरून घ्या. हत्तींना वास येतो, म्हणून कॅन रात्री गाडीच्या आत ठेवा. संत्री तर बरोबर घेऊच नका.