'ॲडव्होकसी'ला मराठीत काय म्हणता? पाठपुरावा, पैरवी की जनवकिली?

ओवी_अनु:
मंडळी, एका कामात अडकलेय. एका फाउंडेशनने (नाव घेत नाही) गावपातळीवरच्या छोट्या संस्थांसाठी पुस्तिका काढली आहे. आपलं म्हणणं लोकांपर्यंत, पेपरवाल्यांपर्यंत आणि सरकारपर्यंत कसं पोचवायचं, असा विषय; इंग्रजीत यालाच 'ॲडव्होकसी' म्हटलंय. इंग्रजीवरून मराठी मी करतेय. चाळीस पानांत 'ॲडव्होकसी' त्रेसष्ट वेळा आहे, मोजून सांगते. मी सगळीकडे 'पाठपुरावा' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे खोडून 'जनवकिली' केलं.

म्हटलं, ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच विचारू. बचत गटाच्या बैठकीत दोन पानं वाचून दाखवली. 'आपल्या प्रश्नाची जनवकिली कशी कराल?' यावर एक आजी म्हणाल्या, "वकील लावायचा तर पैसे कोण देणार? तुमची संस्था का?" मग 'पाठपुरावा' म्हणून पाहिलं. तर म्हणे, "म्हंजे चकरा मारणं ना? त्या तर मारतोयच की."

शुक्रवारी द्यायचंय. सुचवा काहीतरी.

विद्याधर_शास्त्री:
'वकील' हा अरबी, 'पैरवी' फारसी. शिवाजीमहाराजांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? 'अधिवक्ता' हा शब्द उपलब्ध आहे. त्यावरून 'जनाधिवक्तृत्व' सहज साधतो.

बाळ्या_बार्शीकर:
जनाधिवक्तृत्व म्हणेपर्यंत तहसीलदार जेवायला जातो, शास्त्रीबुवा.

कोर्टाची_पायरी:
'पैरवी'ला उगाच हिंदी समजू नका. आमच्या कोर्टात रोज वापरात आहे, पोलिसांत तर 'पैरवी अधिकारी' असतो. गंमत अशी, की फारसीत 'पै' म्हणजे पाऊल आणि 'रव' म्हणजे जाणारा. पावलावर पाऊल टाकून मागे जातो तो पैरव, आणि त्याचं काम ती पैरवी. आता 'पाठपुरावा'तली पाठ बघा. ती धड्याची पाठ नाही, शरीराची पाठ आहे. पाठोपाठ, पाठलाग, तीच. म्हणजे अनुताई आणि पैरवीवाले एकच गोष्ट सांगताहेत, एक पायाकडून आणि एक पाठीकडून.

ओवी_अनु:
वा! हे माहीत नव्हतं. पण मग दोन्हींत 'मागे लागणं' आलं, 'बाजू मांडणं' कुठे आलं?

सोलापुरी_चादर:
बाजू घेणं हवं असेल तर आपला 'कैवार' काय वाईट आहे? 'कैवार घेणे' प्रत्येकाला कळतं. आमच्याकडे निम्मं घर कन्नड बोलतं, म्हणून सांगतो, कन्नडमध्ये 'कै' म्हणजे हात. हात देणं, हात वर करणं, त्यातूनच कैवार आला असणार.

विद्याधर_शास्त्री:
'असणार' म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. 'वार'चं काय केलंत?

सोलापुरी_चादर:
तो सोमवार-मंगळवारातला. आठवड्यातून एकदा हात द्यायचा. 😀

निशा_पनवेल:
'कैवार' नको, प्लीज. 'दीनांचा कैवारी' म्हटलं की एकजण मोठा आणि बाकीचे दीन. संस्थांच्या इंग्रजी पत्रकांत 'आम्ही आवाज नसलेल्यांचा आवाज आहोत' असं एक वाक्य असतंच असतं. मी तेरा वर्षं या क्षेत्रात आहे. ज्यांना आवाज नाही म्हणतात ती माणसं इतकं बोलतात की आम्हाला जेवायला वेळ मिळत नाही.

गावकूस:
निशाताई, थोडं थांबा. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला पाक्षिक सुरू केलं त्याचं नावच 'मूकनायक'. शिरोभागी तुकोबांच्या ओळी होत्या:

काय करूं आतां धरुनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥
नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण । सार्थक लाजून नव्हे हित ॥

यात मुक्यांवर दया कुठे आहे? मुक्याचं कोणी जाणत नाही, तेव्हा लाजून हित व्हायचं नाही, भीड सोडून तोंड वाजवा, असं सांगितलंय. कैवाराची वाट बघा असं नाही सांगितलेलं. माझ्या मते ॲडव्होकसीला मराठी शब्द तुकोबांनी देऊन ठेवलाय, 'तोंड वाजवणे'.

बाळ्या_बार्शीकर:
प्रकरण तिसरे : परिणामकारक तोंड कसे वाजवावे. लोक विकत घेऊन वाचतील.

निशा_पनवेल:
@गावकूस, मान्य. फरक कोण बोलतंय याचा आहे. स्वतःचं तोंड स्वतः वाजवणं वेगळं, आणि आमच्यासारख्या पगारी माणसांनी 'मी यांचं तोंड' म्हणणं वेगळं.

मडगावकर:
अवांतर: गोव्यात जुन्या माणसांच्या तोंडी वकिलाला 'आद्वोगाद' ऐकलाय. पोर्तुगीज शब्द, ॲडव्होकेटचा सख्खा भाऊ. दोघांचं मूळ लॅटिन, अर्थ 'मदतीला बोलावलेला'. त्यातला 'व्होक' आणि 'व्हॉइस' एकाच घरातले. मुळातच त्याला कोणीतरी हाक मारलेली असते. न बोलावता येतो तो आद्वोगाद नव्हे.

निशा_पनवेल:
हे मी भिंतीवर लिहून लावणार आहे.

कोर्टाची_पायरी:
आपल्याकडचा 'वकील'सुद्धा पूर्वी कोर्टातला नव्हता. पेशवाईत दिल्लीला हिंगणे होते ते वकील म्हणून, म्हणजे दरबारातले प्रतिनिधी. तिथली बित्तंबातमी पुण्याला कळवायची आणि पुण्याचं म्हणणं तिथे मांडायचं. अनुताईंच्या पुस्तिकेत यापेक्षा वेगळं काय असेल? 'जनवकिली' घडवणाऱ्याच्या डोक्यात बहुधा तेच असावं. पण आता काळा कोट डोळ्यासमोरून जात नाही, त्याला इलाज नाही.

हिशोबनीस:
मी संस्थांचे हिशेब बघतो. तुम्ही सगळे कोश उघडून बसलात, पण शब्द कोशावरून ठरत नाही, फाइलवरून ठरतो. परदेशी निधीचा कायदा २०१० चा, त्याचे नियम २०११ चे. कुठली संस्था 'राजकीय स्वरूपाची' धरायची हे सांगताना त्या इंग्रजी नियमांत 'बंद', 'हरताळ', 'रास्ता रोको', 'रेल रोको', 'जेल भरो' हे शब्द जसेच्या तसे लिहिलेत, त्यांचं इंग्रजी केलेलं नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आवळला, सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थांना तो लावता येणार नाही म्हणून. पण धसका बसायचा तो बसलाच. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या अहवालांत 'मोर्चा'चा 'संवाद' झाला, 'धरणं'चं 'निवेदन' झालं, आणि 'लढा' कुठे दिसला तर संचालक स्वतः खोडतात.

'ॲडव्होकसी' त्रेसष्ट वेळा का आहे, कळलं? त्याचा नेमका अर्थ कोणाला सांगता येत नाही म्हणूनच तो सोयीचा आहे.

ओवी_अनु:
हे वाचून जरा गार पडले. बाईंनी 'पाठपुरावा' खोडताना समासात 'फार आक्रमक वाटतो' लिहिलं होतं. मला तेव्हा हसू आलं होतं. पाठपुरावा आक्रमक?

तात्या_माणदेशी:
ज्याच्या मागं लागलाय त्याला इचारा आक्रमक हाय का न्हाय.

विद्याधर_शास्त्री:
'मोर्चा' हाही फारसीच.

तात्या_माणदेशी:
शास्त्रीबुवा, तुमी 'पेन' लिवता का 'लेखणी', तेवडं सांगा.

कंदील:
शुद्ध-अशुद्ध सोडा. शब्द बदलून काम कसं होतं किंवा अडतं, याचं मोठं उदाहरण घरातलंच आहे. अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समितीने) कायद्यासाठी किती वर्षं काढली ते इथे सगळ्यांना माहीत आहे. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश आला आणि डिसेंबरमध्ये कायदा. आपण त्याला सर्रास 'अंधश्रद्धा निर्मूलन कायदा' म्हणतो. त्याचं नाव काढून बघा. नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. 'अंधश्रद्धा' नाही. श्रद्धा कुठली आणि अंधश्रद्धा कुठली, हा वाद विधानसभेत घातला असता तर आजही चालू असता. कायद्याने भावनेला हात लावला नाही, कृत्यांची यादी केली. उलट लोकांत बोलायचं तेव्हा समितीने 'अंधश्रद्धा' शब्द कधी सोडला नाही. सभेत एक शब्द, कायद्यात दुसरा. याला धोरण म्हणा, संवाद म्हणा, ॲडव्होकसी म्हणा.

निशा_पनवेल:
+१. असंच 'दारूबंदी' आणि 'दारूमुक्ती'चं. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून आहे, पण पुढे जो कार्यक्रम सुरू झाला त्याचं नाव 'मुक्तिपथ'. बंदी सरकार घालतं, मुक्त माणूस होतो. आमच्या गटातल्या बायका मात्र 'बाटली आडवी करायची' म्हणतात. कारण मतदानाच्या चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात. त्या दोन्ही शब्दांपेक्षा हा शब्द जास्त चालला, आणि तो कुठल्याही कार्यशाळेत ठरलेला नाही.

सोलापुरी_चादर:
'बाटली आडवी' एकदम मान्य. तो मराठीनेच घडवलेला शब्द आहे.

विद्याधर_शास्त्री:
'बाटली' पोर्तुगीज असल्याचं म्हणतात.

मडगावकर:
शास्त्रीबुवा, यासाठी तरी आम्हाला धन्यवाद द्या. 🙏

वाचनमात्र_होतो:
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. 'लाभार्थी'वर कोणी बोलेल का? तोही याच पुस्तिकांतला. 'अर्थी' म्हणजे इच्छा करणारा. विद्यार्थी म्हणजे विद्या हवी असलेला, मिळालेला नव्हे (आमची शाळा याला साक्षी आहे). तसं लाभार्थी म्हणजे लाभ हवा असलेला. मग 'संस्थेने पाचशे लाभार्थ्यांना लाभ दिला' यात लाभ मिळाल्यावर ते लाभार्थी राहतात कसे?

हिशोबनीस:
राहतात, कारण पुढच्या वर्षी पुन्हा आकडा दाखवायचा असतो.

कोर्टाची_पायरी:
पाटबंधाऱ्यात 'लाभधारक' म्हणतात, तो व्याकरणाने जास्त बरा. कालव्याचं पाणी ज्याच्या शेताला खरंच येतं तो.

तात्या_माणदेशी:
खरंच येतं का, हे वेगळं.

कंदील:
'लाभार्थी'चं मातेरं २०१७ ला झालं. 'मी लाभार्थी' अशी सरकारी जाहिरात राज्यभर झळकली आणि पाठोपाठ विनोदांचा पाऊस. खड्ड्यात पडलेला माणूस 'मी लाभार्थी', लोकलला लटकलेला 'मी लाभार्थी'. तोवर सरकारी फॉर्मातला निरुपद्रवी शब्द होता, जाहिरातीने त्याच्यात टोमणा भरला. आता कोणाला लाभार्थी म्हटलं तर तो आधी आपल्या तोंडाकडे बघतो.

निशा_पनवेल:
आम्ही 'सहभागी' लिहायला लागलो. तर फंडिंगवाल्यांकडून ईमेल, 'सहभागी ठीक, पण लाभ किती जणांना?'

बाळ्या_बार्शीकर:
आणि 'जनजागृती'? म्हणजे जनता झोपलेली. पहाटे चारला दूध काढणाऱ्या बाईला अकरा वाजता जीपमधून येऊन जागं करायचं.

गावकूस:
'प्रबोधन'ही तेच की, बोध आधी यांच्याकडे, मग तिकडे. गाडगेबाबांचं कीर्तन मात्र बघा. ते सांगत नसत, विचारत. समोरच्यांकडून उत्तर काढून घेत, आणि उत्तर दिल्यावर माणूस स्वतःच्याच शब्दांत सापडायचा. त्याआधी सत्यशोधकांचे जलसे, नंतर आंबेडकरी जलसे. 'जलसा' अरबी आहे, शास्त्रीबुवा, आधीच सांगून ठेवतो. या लोकांकडे कम्युनिकेशन ऑफिसर नव्हता. डफ होता.

विद्याधर_शास्त्री:
मला उगीच खलनायक करताय. माझं म्हणणं एवढंच, की परका शब्द घेताना आपला आहे का ते आधी पाहावं. 'सुनावणी' आपला. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावागावांत 'जनसुनवाई' घेतल्या, मस्टर रोल (मजुरांचे हजेरीपट) मोठ्याने वाचले, ज्याचं नाव त्याने उठून सांगायचं की पैसे मिळाले की नाही. माहितीच्या अधिकाराची मागणी तिथून पेटली. ती कल्पना मराठीत आली तेव्हा आपण 'जनसुनावणी' केलं. मुकाट रुजलं. कोणी 'पब्लिक हिअरिंग' म्हणत बसलं नाही. 'जन' लावायचाच तर असा लावावा.

कोर्टाची_पायरी:
शास्त्रीबुवांशी प्रथमच सहमत. तारीख लिहून ठेवा.

तात्या_माणदेशी:
खरंय. त्येच्यात कोण वकील न्हाई, कोण कैवारी न्हाई. ज्येचं नाव त्यो बोलतो. आमच्याकडं चावडीवाचन म्हंत्यात तसलंच. सातबारा मोठ्यानं वाचला की निम्मी भांडणं तिथंच मिटत्यात. निम्मी तिथंच सुरू व्हत्यात.

ओवी_अनु:
सगळ्यांचे आभार. शुक्रवार होऊन गेला. 😅 बाईंशी तासभर फोनवर बोलले. मी 'चावडीवाचन'चं उदाहरण घालू द्या म्हटलं, त्याला हो म्हणाल्या. 'तोंड वाजवणे'ला अर्थातच नाही. शेवटी त्रेसष्टपैकी सुमारे चाळीस ठिकाणी शब्दच काढून टाकला आणि जे करायचं तेच लिहिलं: 'ग्रामसेवकाला लेखी विचारा', 'वार्ताहराला तारीख आणि आकडा द्या', 'आमदारांकडे पाच जणी मिळून जा'. वाक्यं बिघडली नाहीत. उरलेल्या ठिकाणी 'पाठपुरावा'. मुखपृष्ठावर मात्र 'जनवकिली' राहिलंय, ते दिल्लीहून ठरलं.

आता दुसरी पुस्तिका आलीय. त्यात 'स्टेकहोल्डर'ला आधीच्या अनुवादकाने सगळीकडे 'भागधारक' केलंय. भागधारक म्हणजे शेअरवाले ना? 'अंगणवाडीचे भागधारक' वाचून मला डिव्हिडंड आठवला.

वाचनमात्र_होतो:
'हितसंबंधी' लिहा.

हिशोबनीस:
नको. मराठीत 'हितसंबंध' चांगले नसतातच.

विद्याधर_शास्त्री:
नवा धागा काढा. इथे कोणाला सापडणार नाही.