रिफ्रॅक्टोमीटरवर द्राक्षाची साखर: दोन मीटर, दोन आकडे, कुठला धरायचा?

तासगाव_सोनाका

सुपर सोनाकाचा प्लॉट काढणीला आलाय. माझ्याकडे हातातला साधा रिफ्रॅक्टोमीटर (रसात प्रकाश किती वळतो त्यावरून साखर दाखवणारा मीटर) आहे, ० ते ३२ ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप), वर एटीसी (तापमानाची भरपाई आपोआप) लिहिलंय. सकाळी बघितलं की १७.५ येते. व्यापाऱ्याचा माणूस दुपारी डिजिटल मीटर घेऊन येतो, त्याला १५.८ येते आणि "अजून आठ दिवस थांबा" म्हणतो. पावणेदोनचा फरक मीटरचा म्हणायचा का मण्यांचा? झीरो नक्की कसा करायचा, मणी कुठले आणि किती घ्यायचे, उन्हाने आकडा बदलतो का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

निफाड_निर्यात

दादा, आधी मीटर आणि मणी हे दोन विषय वेगळे करा. एका वाटीत पंधरा-वीस मण्यांचा रस पिळा, मलमलच्या फडक्यातून गाळा, आणि तोच रस सावलीत एकाच वेळी दोन्ही मीटरवर टाका. आकडे ०.२ ते ०.३ च्या आत आले तर मीटर ठीक आहेत, फरक मण्यांतला आहे. एकाच रसावर एकाहून जास्त फरक आला तरच मीटरच्या मागे लागा.

झीरो असा करा. मीटर आणि डिस्टिल्ड वॉटरची बाटली अर्धा तास सावलीत शेजारी ठेवा. प्रिझमवर दोन-तीन थेंब टाका, झाकण हळू टेकवा. पाणी सगळ्या काचेवर पसरलं पाहिजे, मध्ये बुडबुडा नको. तीस सेकंद थांबा. मग उजेडाकडे धरून डोळ्याजवळची कडी फिरवा आणि आकडे स्वच्छ दिसू द्या. निळ्या-पांढऱ्याची रेघ बरोबर ० वर नसेल तर वरच्या स्क्रूने आणा. स्क्रू अगदी थोडा फिरवायचा, पाव आट्यातसुद्धा रेघ बरीच सरकते. बोअरचं पाणी वापरू नका. क्षार विरघळलेले असतात, तेही आकड्यात येतात. खाऱ्या बोअरला ०.१ ते ०.२ चा फरक सहज पडतो. आरओचं पाणी चालतं.

झीरो बरोबर आला म्हणजे मीटर बरोबर झाला असं मात्र नाही. स्वस्तातल्या मीटरमध्ये ० बरोबर आणि वरचे आकडे चुकलेले, असं सर्रास असतं. त्यासाठी साखरेचं पाणी करा. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम साखर. म्हणून कोरडी साखर १० ग्रॅम आणि पाणी ४० ग्रॅम, दोन्ही ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजून, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. ते झालं बरोबर २० ब्रिक्स. बरेच जण १०० मिली पाण्यात २० ग्रॅम साखर घालतात आणि मीटरला दोष देतात. ते द्रावण १२० ग्रॅमचं होतं, त्याचे १६.७ च येणार. द्रावण त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी ते आंबायला लागतं. २० च्या जागी १९ दाखवणारा मीटर स्क्रूने दुरुस्त होत नाही. वरचा आकडा जुळवायला गेलात तर झीरो बिघडेल. असा मीटर बदलायचा.

फळ_तंत्रज्ञ

तापमानाचं मी लिहितो, कारण बांधावरच्या निम्म्या वादांचं मूळ तिथंच असतं.

रस तापला की पातळ होतो, प्रकाश कमी वळतो आणि मीटर कमी साखर दाखवतो. मीटरचे आकडे २० अंश सेल्सिअसला जुळवलेले असतात. द्राक्षाच्या रसात, म्हणजे १५ ते २० ब्रिक्सला, दर अंशाला साधारण ०.०७ ते ०.०८ चा फरक पडतो. एटीसी नसलेल्या मीटरवर २८ अंशाला १७.० दिसले तर त्यात ०.६ मिळवा, खरी साखर १७.६. ३० अंशाला ०.८ मिळवा. पहाटे १६ अंश असेल तर ०.३ वजा करा.

एटीसीचा मीटर हे आपोआप करतो. त्याच्या आत दोन धातूंची पट्टी असते, ती तापली की वाकते आणि आतली आकड्यांची पट्टी किंवा भिंग सरकवते. पण ही सोय बहुतेक मीटरांत १० ते ३० अंशांपुरतीच असते. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी तासगावात पारा ३० च्या वर जातो, गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेला मीटर तर हाताला चटका देतो. तिथं एटीसीवर भरवसा ठेवू नका. शिवाय ती पट्टी मीटरचं तापमान ओळखते, रसाचं नाही. उन्हातल्या घडाचा गरम रस थंड मीटरवर टाकून लगेच बघितलं तर आकडा कमी येतो. रस काचेवर पडल्यावर तीस ते साठ सेकंद द्या. त्याहून जास्त मात्र थांबू नका. झाकण नीट बसलं नसेल तर वाऱ्याने रस सुकतो, घट्ट होतो आणि साखर वाढलेली दिसते.

आणखी एक चूक: एटीसीच्या मीटरवर आलेल्या आकड्यातही तक्ता बघून ०.८ मिळवणं. ही दुहेरी भर आहे. करू नका.

डिजिटल मीटरला वेगळा त्रास आहे. वरून थेट ऊन पडलं की आतला सेन्सर गोंधळतो, त्यामुळे रसाच्या खळग्यावर हाताची सावली धरावी. रस खळगा भरून टाकावा लागतो, दोन थेंबांत भागत नाही. आणि झीरो रोज, पाण्यानेच.

प्रत्येक वाचनानंतर काच पाण्याच्या थेंबांनी धुऊन मऊ सुती कापडाने कोरडी करा. साखरेचा चिकट थर राहिला तर पुढचा आकडा वाढतो, पाणी राहिलं तर घटतो. सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. मातीच्या कणाने काचेवर चरे पडतात आणि रेघ कायमची धूसर होते. हातातला साधा मीटर नळाखाली धरू नका, आत पाणी शिरलं की आकड्यांवर वाफ धरते.

निफाड_निर्यात

आता मणी. पावणेदोनचा फरक इथंच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

एकाच घडात खांद्याकडचे, म्हणजे देठाजवळच्या वरच्या पाकळ्यांचे (घडाच्या लहान फांद्यांचे) मणी गोड असतात आणि शेंड्याचे मागे असतात. दोनचा फरक मिळाला तरी आश्चर्य नको, घड लांब असेल आणि वेलीवर माल जास्त असेल तर त्याहूनही जास्त. शेतकरी नकळत वरचा, पिवळसर झाक आलेला मणी तोडतो. व्यापारी शेंडा तोडतो. दोघेही खोटं बोलत नसतात.

प्लॉटचा खरा आकडा काढायचा तर बांधाच्या ओळी सोडा. आतल्या ओळींतून तिरकं चालत ३० वेली घ्या. प्रत्येकीचा एक घड, कधी उन्हाच्या बाजूचा, कधी पानाआडचा. घडाचे तीन मणी: खांदा, मधला, शेंडा. तीन वेगळ्या पिशव्या ठेवा आणि प्रत्येक पिशवीचा रस वेगळा मोजा. सरासरी १७ आली आणि शेंड्याची पिशवी १४.५ दाखवत असेल तर माल तयार नाही असंच मी म्हणेन. पॅकहाऊसमध्ये आणि पुढे युरोपातही तपासणारा शेंड्याचा मणी उचलणारच. युरोपच्या विक्री मानकात बिनबियांच्या द्राक्षाला किमान १४ ब्रिक्स आहे, पण खरेदीदार साधारण १६ च्या पुढे मागतात.

मणी पूर्ण पिळा. सालीजवळचा आणि मधला रस सारखा नसतो, नुसतं टोक दाबून पडलेला थेंब धरू नका. दव किंवा फवारणीचं पाणी असेल तर मणी आधी पुसा. रसात गर राहिला की रेघ पसरट दिसते आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा वाचतो, म्हणून गाळणं सोडू नका. पाणी दिल्यावर किंवा पाऊस झाल्यावर लगेच मोजू नका, मणी पाणी ओढतो आणि साखर पातळ होते. दर चार दिवसांनी, त्याच ओळींतून, सकाळी आठ-नऊच्या सुमारास मोजून वहीत लिहा. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा चढ किती आहे यावरून काढणीची तारीख जास्त चांगली कळते. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, वेलीवर जी साखर भरली तीच शेवटची.

तासगाव_सोनाका

फार उपयोगी पडलं, आभार. दोन शंका राहिल्या. ब्रिक्स १७ असूनही काही मणी आंबट का लागतात? आणि भाव पडला तर अर्धा प्लॉट बेदाण्याला ठेवायचा विचार आहे, त्याला किती साखर लागेल?

फळ_तंत्रज्ञ

मीटर फक्त साखर मोजत नाही. रसात जे जे विरघळलंय, आम्ल, क्षार, सगळं मिळून आकडा येतो. पिकलेल्या द्राक्षात त्यातला बहुतेक भाग साखरच असते म्हणून तो उपयोगी आहे. कागदी लिंबाचा रस मीटरवर ७-८ दाखवतो, त्यात बहुतांश आम्ल असतं. म्हणून द्राक्षाचं आम्लही एकदा मोजा. १० मिली गाळलेला रस, त्यात थोडं डिस्टिल्ड वॉटर आणि फिनॉल्फ्थॅलीनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारं द्रव) दोन थेंब. त्यात ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा (लिटरला ४ ग्रॅम) थेंब थेंब सोडा, फिकट गुलाबी रंग तीस सेकंद टिकला की थांबा. जितके मिली लागले त्याला ०.०७५ ने गुणा. ८ मिली लागले तर आम्ल ०.६ टक्के. ब्रिक्सला आम्लाने भागा: १७ भागिले ०.६ म्हणजे २८, चव चांगली. आम्ल ०.९ असेल तर भागाकार १९ च येतो आणि जीभ आंबटच म्हणते. कॉस्टिक सोडा हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला.

बेदाणा_कवठेमहांकाळ

बेदाण्याला २२ च्या खाली घाई करू नका. हिशेब सरळ आहे. बेदाण्यात ओलावा १५ टक्के धरला तर १८ ब्रिक्सच्या १०० किलो द्राक्षातून साधारण २१ किलो निघतो, २२ ब्रिक्सच्या मालातून २६ किलो. साल धरून प्रत्यक्षात थोडा वर. म्हणजे सुकवायच्या त्याच रॅकला, त्याच डिपिंग ऑइलला (मणी लवकर सुकावेत म्हणून बुडवायचं तेल) आणि त्याच मजुरीला १०० किलोमागे पाच किलो जास्त, शिवाय मणी भरीव आणि रंगाला उजवा. एक मात्र बघा: वेलीवर मणी सुरकुतायला लागले की ब्रिक्स भराभर चढतो, पण ती साखर नव्याने भरलेली नसते, पाणी उडालेलं असतं. तेव्हा आकड्याबरोबर १०० मण्यांचं वजनही लिहीत जा. ब्रिक्स वाढतोय आणि वजन घटतंय, असं दिसलं की काढणी सुरू करा.